फोन ऐकणाऱ्यावर नजर कोणाची?

महोदय,

'संचार साथी' हे मोबाइल चोरी-फसवणुकीच्या तक्रारींचं सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये आधीपासूनच घालून द्या, असा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर आलं. दोन-तीन दिवस रान उठलं, सरकारने सक्ती मागे घेतली आणि लोक निर्धास्त झाले. मला तसं होता येत नाही. अ‍ॅप पडद्यावर दिसतं, म्हणून ओरड तरी झाली; सरकार फोन ऐकतं ते दिसतही नाही.

मी टेलिफोन खात्यात सांगली भागात ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देण्याच्या जागी, ऑपरेटर होते. एसटीडी घरोघरी येण्याआधीचे दिवस. कानाला हेडसेट, समोर कॉर्ड आणि प्लग. बोलणं चालू आहे ना, हे बघायला अधूनमधून लाइनवर यावं लागे आणि तीन मिनिटं झाली की 'एक्स्टेंड करू का?' असं मध्येच विचारावं लागे. त्यामुळे कानावर पडायचंच.

आमच्या सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य आहे, 'कर नाही त्याला डर कशाला?' त्यांना मी हळदीच्या अडत्यांचं सांगते. आज ईरोडला काय भाव निघाला, मुंबईची मागणी किती, उद्याच्या सौद्यात किती पोती सोडायची, हे सगळं आमच्या कानावरून जायचं. यात गुन्हा कसला? पण सौद्याआधी ते बाजारात फुटलं असतं तर माणूस बसलाच! कोणी मुलीच्या लग्नासाठी भावाकडे पैसे मागायचा आणि 'वहिनीला कळू देऊ नकोस' म्हणायचा. कोणी मिरजेच्या दवाखान्यातला सुनेचा रिपोर्ट तिच्या माहेरी सांगायचा, तोही अर्धाच.

हे बाहेर गेलं नाही, ते काही आम्ही सगळ्या फार सज्जन होतो म्हणून नव्हे. १८८५च्या तार कायद्यात, खात्याच्या माणसाने परवानगीवाचून संदेश अडवला किंवा त्यातला मजकूर फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होती. शिवाय सुपरवायझर बाई पाठीमागे उभ्या असत, आणि त्यांचा धाक कायद्याहून मोठा.

सरकारी हुकमाने फोन ऐकणं तेव्हाही होतंच. राजकारण्यांचेही ऐकले जात. त्याच आरोपांवरून १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पण त्यासाठी कागद यायचा, त्यावर नंबर असायचा, खाली सही असायची. तारेला जोड देणारा माणूस खात्याचा, ऐकणारा दुसऱ्या खात्याचा. पुढे मोबाइल आले तेव्हा ते काम कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे गेलं. 'आदेश कुठे आहे?' असं विचारायला मध्ये कोणीतरी होतं. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने उभारलेल्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीम या फोन ऐकण्याच्या केंद्रीय यंत्रणेमध्ये हा मधला माणूसच काढून टाकला आहे. सरकारचं म्हणणं असं की आदेश प्रत्येक वेळी लागतोच, आणि मधला माणूस गेल्याने बातमी फुटत नाही, म्हणजे खासगीपणा उलट जपला जातो. बातमी फुटत नाही हे खरं, पण चुकीच्या नंबरावर बोट ठेवणाराही उरत नाही.

मग आदेशांवर देखरेख कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना गृह सचिवाची सही बंधनकारक केली, मुदती घातल्या, आढावा समिती नेमायला लावली. न्यायाधीशाची आगाऊ परवानगी मात्र सक्तीची केली नाही. १८८५चा कायदा बदलला, २०२४ मध्ये नवे नियम आले, पण आढावा समितीत अजूनही सचिवच. सचिवाच्या सहीवर सचिवांचीच नजर! खासगी माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा २०१८चा अहवाल सांगतो की केंद्राकडून दरमहा साडेसात ते नऊ हजार आदेश निघतात आणि दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजारांचा ढीग येतो. आठ तासांची बैठक धरा, एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. आम्हाला एका ट्रंक कॉलचं तिकीट लिहायला याहून जास्त वेळ लागे.

आदेश चुकीचा निघतो का? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. प्रकरण लाचेचं होतं. फोन ऐकायला कायद्याला लागणारं सार्वजनिक सुरक्षिततेचं वा आणीबाणीचं कारण त्यात दिसत नाही, असं न्यायालय म्हणालं. आदेश २००९-१०चे. त्याला ते कळले, कारण त्याच्यावर खटला होता. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे कोण सांगणार? नियमाप्रमाणे या नोंदी, पुढे गरज नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्टही होतात.

अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर न्यायाधीशाची परवानगी लागते आणि ऐकणं संपल्यावर, न्यायाधीशाने लांबणीवर टाकलं नसेल तर, नव्वद दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं. (तिथेही सगळं आलबेल नाही. त्यांच्या गुप्तचरांनी घातलेला घोळ त्यांच्याकडेच काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये चव्हाट्यावर आणलाच.) दर वर्षी किती फोन ऐकले, याचा आकडा निदान छापला तरी जातो.

अतिरेक्यांचे फोन ऐकू नका, असं कोणी म्हणत नाही. मुंबईवरचा हल्ला आपण पाहिला आहे. पण आकडा सांगितल्याने एकही अतिरेकी सावध होत नाही. तेव्हा पुढच्या अधिवेशनात आमच्या भागातल्या एखाद्या आमदाराने गृह खात्याला लेखी प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी महाराष्ट्रात फोन ऐकण्याचे किती आदेश निघाले, आणि त्यातले किती आढावा समितीने रद्द केले?

– एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सांगली