आई-बाबा, आधी विचारलं नाही त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. त्या "बरं"नंतर मला नीट झोप नाही, म्हणून लिहायला बसलो. एड्सच्या संस्थेत काम करायला आधीच्या नोकरीचा राजीनामा मी तुम्हाला सांगण्याआधीच दिला होता. आधी विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी थांबलो असतो. न विचारल्याबद्दल दोघांची माफी मागतो. निर्णय मात्र बदलणार नाही.

आधी तुमच्या काळजीचं सांगतो. विक्रोळीची खोली कोरडी आहे, सकाळचं ऊन येतं. पाणी पहाटे साडेपाचला येतं, पिंप भरून ठेवतो. साताऱ्याकडच्या एका मावशींचा डबा लावलाय, रात्री भाकरी असते. पगार जवळजवळ निम्म्यावर आलाय, पण बाबांच्या औषधांचे पैसे दर ५ तारखेला येतात तसेच येतील. गाडीचा हप्ता संपलाय, मला एकट्याला पुरेसं उरतं. आई, पुन्हा सांगतो, इथे स्वेटर लागत नाही.

आता कामाचं. आई, शेजाऱ्यांनी विचारलं की तू "एड्सच्या संस्थेत आहे" म्हणतेस, ते चालेल. तुम्हाला दोघांना मात्र नीट माहीत असावं असं वाटतं. संध्याकाळी सहानंतर बॅग घेऊन निघतो. स्टेशनाबाहेर, बागेत, जिथे आमची माणसं भेटतात तिथे जातो. माझ्यासारखी मुलं असतात, तृतीयपंथी ताया असतात, बायकामुलं असलेले पुरुषही असतात. बॅगेत कंडोम, ल्यूबची पाकिटं आणि तपासणीला कुठे जायचं त्याची चिठ्ठी. ज्याला एकटं जायला भीती वाटते त्याच्याबरोबर मी रांगेत उभा राहतो.

तेविसाव्या वर्षी मी एकटाच तपासणीला गेलो होतो. तिथल्या बाईंनी सगळ्या रांगेसमोर विचारलं, "असले उद्योग करताच कशाला?" पुढची तीन वर्षं मी कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलो नाही. तुम्हाला कावीळ म्हणून सांगितलं होतं तेव्हाही नाही. त्या दिवशी रांगेत माझ्याशेजारी माझ्यातलाच कुणी असता तर, एवढाच विचार ही नोकरी धरताना डोक्यात होता.

बाबा, तुम्हाला खटकलंय ते नशेचं, हे मला कळतं. काही मुलं मोबाइलवर ठरवून कुणाच्या तरी घरी जमतात आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशा घेतात, काही जण सुईनेही घेतात. मी त्यांना "घ्या" म्हणत नाही. पण घेणारच असाल तर सुई प्रत्येकाची वेगळी आणि नवी हवी, नाहीतर एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही पसरतात, हे सांगतो. 'जी' (जीएचबी) म्हणतात त्या नशेच्या पातळ औषधाबरोबर दारू घेतली तर श्वास थांबू शकतो, हे सांगतो. कुणी उठत नसेल तर "झोपेल, उतरेल" म्हणून सोडून जाऊ नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा, हे पुन्हा पुन्हा सांगतो. गेल्या महिन्यात एका मुलाचा रात्री दोनला फोन आला, घाबरून रडत होता. संबंध येऊन दीड दिवस झाला होता. संसर्ग टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, मग २८ दिवस घ्यायच्या. सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. आता अधूनमधून जेवलो का म्हणून तोच मला विचारतो.

तुम्ही म्हणाल, सरळ मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठव ना. बाबा, जो तयार होतो त्याला मी स्वतः पुण्याच्या गाडीत बसवून देतो. १९८६ पासून तिथे किती घरं सावरली हे तुमच्याकडूनच ऐकत मोठा झालो. पण जो आज तयार नाही तो तयार होईपर्यंत जगला पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनी कधी "आधी जिलबी सोडा, मग इन्सुलिन लिहून देतो" म्हटलं का? ते डोस बघतात, पाय तपासतात, पुढच्या महिन्यात या म्हणतात. मी तेवढंच करतो.

आणि धाकटे काका. लिहू की नको, दोन दिवस विचार केला. त्या रात्री दार न उघडण्यात तुमचा दोष होता असं मला कधीच वाटलं नाही. तुम्ही थकला होतात, घरात आम्ही लहान होतो, आणि सगळ्या गावाने तुम्हाला तेच सांगितलं होतं. फक्त इतकंच वाटतं, की तेव्हा गल्लीत माझ्या कामाचं कुणी असतं तर ते सगळं एकट्या तुमच्यावर आलं नसतं.

पोलिसांची भीती नको. तुम्ही कोर्टात बत्तीस वर्षं काढलीत, म्हणून कलमासकट सांगतो. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा, २०१७, कलम २२. संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कंडोम किंवा स्वच्छ सुया देणं गुन्हा ठरत नाही. ओळखपत्र कायम गळ्यात असतं.

आई, तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आवाजात ते होतं. मला काही झालेलं नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी करतो, प्रतिबंधाची गोळी रोज घेतो. आणि कधी झालंच असतं, तरी आता सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं, बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. ती नियमित घेऊन विषाणू तपासणीत दिसेनासा झाला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. औषध घेणारी माझ्या ओळखीची माणसं तुझ्यापेक्षा जास्त चालतात. तूही चाल जरा.

बाबा, ७ सप्टेंबर २०१८ चा पेपर आठवतो? समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणाऱ्या कलम ३७७ च्या निकालाचं पान वर येईल अशी घडी घालून तुम्ही तो माझ्या टेबलावर ठेवला होतात आणि काही न बोलता दूध आणायला गेलात. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे. लहानपणी तापात तुम्ही रात्रभर कपाळावर घड्या ठेवायचात, तेव्हाही काही बोलायचा नाहीत. ते आठवलं की मला पुन्हा तुमच्या अंथरुणात शिरावंसं वाटतं.

आता ऐका. इन्सुलिनची सुई चार-चार दिवस वापरणं आजपासून बंद. पैसे वाचवायचे तिथे नाहीत. वापरलेली सुई ओल्या कचऱ्यात टाकायची नाही, कचरा नेणाऱ्या बाईंच्या हाताला लागते. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवा, मी येईन तेव्हा दवाखान्यात देऊन येईन. आईच्या गुडघ्याचं दुखणं तिने लपवलं तर मला कळवा. गॅसची नळी या महिन्यात बदला. दोघांनी फ्लूची लस घ्या, डॉक्टरांशी बोलून ठेवलंय.

पुढच्या शनिवारी महालक्ष्मीचं आरक्षण झालंय, रविवारी सकाळी मिरजेला उतरेन. स्टेशनावर येऊ नका, थंडी असते. आई, मेथीची भाजी चालेल, गोड काही करू नकोस, बाबा माझ्या ताटातून उचलतात.

त्याआधीचा हा रविवार आहेच. बाबा, या वेळी फोन तुम्ही लावा, तुमच्या मोबाइलवरून. मी दुपारभर खोलीवरच आहे.

तुमचा,
बाळ्या