कंडक्टर दादा, त्या क्रेटसाठी मनापासून आभार

कंडक्टर दादा, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या रविवारी रात्री संगमेश्वरला तुमच्या बोरिवली गाडीत काठी टेकत एक आजी चढल्या होत्या. मी त्यांची लेक. तुमचं नाव गणवेशावरच्या पट्टीवर वाचलं होतं, पण तुम्हाला न विचारता ते असं चारचौघांत लिहिणं बरं वाटत नाही. तुम्ही वाचलंत तर तुम्हाला कळेलच.

देवरुखजवळच्या आमच्या आजोळी त्या दोन दिवसांत घर माणसांनी फुललं होतं. शनिवारी मामांचं सहस्रचंद्रदर्शन, रविवारी त्यांच्या पणतवाचं बारसं. मुंबई, ठाणे, पुणे, जिथे जिथे म्हणून भावकी पांगली आहे तिथून सगळे आले होते. पडवीत, माळ्यावर, खळ्यातल्या मांडवात, मिळेल तिथे अंथरुणं. पहाटेपासून चुलीवर आंबोळ्या, दुपारी पंगतीमागून पंगत. भावंडांत आता मामा आणि आई दोघंच उरलीत, त्यामुळे ओवाळायला तीच हवी होती. दिव्यांचं ताट जड, तिचे हात थरथरत होते, तर ऐंशी ओलांडलेल्या मामांनी बसल्या जागेवरून तिच्या कोपराखाली स्वतःचा हात धरला आणि तसंच ओवाळून घेतलं. बारशाला पणतवाला मांडीवर घेतल्यावर त्यांच्या डोक्यावर सोन्याची फुलं वाहिली, तेव्हाही आई शेजारीच होती. तिला हे बघायला मिळालं याचं मोल काय सांगू!

आणि त्याच आईला रात्री रस्त्याकडेला तिष्ठत बसावं लागलं. ट्रेनचं वेटिंग हललं नव्हतं म्हणून एका खाजगी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं होतं, सुट्टीतले चढे पैसे आधीच भरून. सोबत म्हातारं माणूस आहे, गाडी नीट थांबवा, असं फोनवर बजावून सांगितलं होतं. गाडी समोरून निघून गेली. फोन केला तर म्हणे, हायवेला जास्त थांबता येत नाही, तुम्ही पुढे यायला हवं होतं. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या बाईने अंधारात कुठवर पुढे जायचं? नंतर फोन उचलायचंही बंद केलं. राग याचा नाही की गाडी चुकली. राग याचा की आई त्यांच्या लेखी एक अडचण होती. आमच्याच नात्यातल्या गाड्या दुपारी मुंबईकडे निघाल्या, त्यांच्याही डिक्कीत आणि मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्या होत्या. हेही मनात राहिलंय, लिहून टाकते.

मग तुमची एसटी आली. मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून चाललंय आणि संगमेश्वरच्या पट्ट्यात तर रस्ता कुठे उकरलेला, कुठे भरावाचा. गाडी जिथे थांबली तिथे जमीन खोल होती आणि एसटीची मुळातच उंच असलेली पायरी आईच्या मांडीपर्यंत आली. तिने दांडी धरली, एक पाय उचलून पाहिला आणि खाली ठेवला. मागून कुणीतरी "चला, चला" केलं. तुम्ही खाली उतरलात. काही न बोलता टपरीकडे गेलात आणि थंड पेयाच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा रिकामा क्रेट घेऊन आलात. पायरीखाली उपडा ठेवलात. आधी स्वतः त्याच्यावर उभे राहून पाहिलंत. डुगडुगतोय म्हटल्यावर एका कोपऱ्याखाली चपटा दगड सरकवलात. मग आईला म्हणालात, "मावशी, सावकाश या. गाडी तुमच्यासाठीच थांबलीया." बोलण्यावरून घाटावरचे वाटलात.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी हे पत्र लिहिलं असतं. पण तुम्ही टपरीवाल्याला "उद्याच्या फेरीला आणून देतो" म्हणालात आणि क्रेट गाडीत घेतलात.

दादा, त्या क्रेटने काय केलं ते तुम्हाला ठाऊक नसेल. प्रवासाच्या दिवशी आई दुपारनंतर पाणी पीत नाही. मध्ये उतरावं लागू नये म्हणून. मे महिन्याच्या उकाड्यात ओठ सुकलेले असतात, तरी "नको गं, तहान नाही" म्हणते. अशा किती बायका प्रवासात तहानेल्या बसत असतील! त्या रात्री तिने क्रेट आत आलेला पाहिला आणि माझ्याकडे हात केला, "बाटली दे जरा." घटाघट प्यायली. चहाला गाडी थांबली तेव्हा आम्ही काही बोलायच्या आधी तुम्ही क्रेट खाली लावून दारात उभे होतात. पहाटे बोरिवलीला पुन्हा तेच.

आणखी एक. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. "फुकटे प्रवासी" हा टोमणा आईने याआधी ऐकलाय आणि तो तिला फार लागलाय. तुम्ही शून्य रुपयांचं तिकीट माझ्याकडे न देता तिच्या हातात दिलंत, "मावशी, जपून ठेवा" म्हणालात. तिने ते पदराच्या गाठीत बांधलं. रात्रभर गाडी सांभाळायची, सुट्ट्या पैशांवरून वाद ऐकायचे, आणि तरीही समोरच्या माणसाचा मान राखायचा. हे कुणी तुम्हाला शिकवलं असेल असं वाटत नाही, ते घरातूनच येतं. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

तुमच्या कामाबद्दल आगारात लेखी दिलं आहे. सोबत एक विनंतीही केली आहे की, लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीत एक भक्कम पाट किंवा चौरंग ठेवावा. गौरी-गणपतीला आम्ही पुन्हा मामांकडे जाणार आहोत. आई आत्तापासून म्हणतेय, एसटीनेच जायचं. तेव्हा तुमची देवरुख फेरी असली तर घरी जेवायला या. मामींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं करायचं कबूल केलंय.

आपली,
संगमेश्वरला चढलेल्या मावशींची लेक, बोरिवली