दादा, तुझी कॅसेट आणि आपलं जुनं भांडण

एल सेरिटो, कॅलिफोर्निया
14 जून 2025

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सईने मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवरून पाठवलेला व्हिडिओ तूही पाहिला असशील. त्यात कुणाचं तरी डोकं आणि किंकाळ्याच जास्त आहेत, पण ग्रीन डे, आपला तो अमेरिकन पंक बँड, मुंबईत! 1995 साली हे कुणी सांगितलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. व्हिडिओ आल्यापासून गाडीत त्यांचा ‘डूकी’ लावतोय. अख्खा अल्बम जेमतेम 39 मिनिटांचा. ऑफिस गाठेपर्यंत तो संपून पुन्हा सुरू झालेला असतो, इतका इथे ट्रॅफिक.

तू मुंबईत काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून ती कॅसेट आणलीस तेव्हा मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. टू-इन-वनचा आवाज वाढवून अण्णांना चिडवता येतं, एवढं पुरेसं होतं. आता पहिल्यांदा त्यांच्या माईक डर्न्टचा बास गिटार नीट ऐकू येतोय. ‘लाँगव्ह्यू’ ऐक. कडव्यात गिटार जवळजवळ गप्प, बास आणि ड्रम आळसावल्यासारखे रेंगाळतात, आणि धृपदाला गिटार अंगावर कोसळते. घरात टीव्हीसमोर लोळून कंटाळलेल्या पोराचं गाणं आहे ते. कंटाळा इतका नेमका वाजवलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही. आणि ‘बास्केट केस’वर आपण पलंगावर उड्या मारायचो, ते चक्क भीतीचं गाणं निघालं. त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँगला घाबरल्याचे झटके यायचे, आपल्याला वेड तर लागत नाहीये ना, असं वाटायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो अवघा 21 वर्षांचा होता. दहाव्या वर्षी वडील गेलेले, आई हॉटेलात वेट्रेस. त्याचं रोडिओ हे गाव इथून फार लांब नाही. तेलशुद्धीकरणाचा कारखाना आणि मागे खाडी.

पण पत्र लिहायला घेतलं ते वेगळ्याच कारणासाठी. मागच्या आठवड्यात बर्कलीतल्या गिलमन स्ट्रीटवरच्या 924 नंबरच्या क्लबात जाऊन आलो. ही पोरं इथेच वाजवायची. विटांची साधी इमारत, भिंतींवर रंगरंगोटी, सगळा कारभार स्वयंसेवकांचा. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, हे नियम. दारातून आत डोकावलो आणि मला थेट तुमचं छबिलदास, दादरच्या शाळेतलं ते प्रायोगिक नाटकांचं सभागृह, आठवलं. तीच कळकट जागा, तीच ‘हे आपलं आहे’ म्हणणारी माणसं.

आणि भांडणही तेच! ग्रीन डेने लुकआउट हे छोटं लेबल सोडून रीप्राईज या बड्या कंपनीशी करार केला आणि गिलमनचं दार त्यांना बंद झालं, कारण बड्या लेबलचे बँड तिथे वाजवायचे नाहीत असा नियमच होता. तुमच्या ग्रुपमधला एकजण व्यावसायिक नाटकात गेला तेव्हा तू त्याच्याशी कितीतरी महिने बोलला नव्हतास. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण तुझ्यासमोर बोलायची टाप नव्हती. आता मात्र माझ्याकडे पुरावा आहे.

‘वेलकम टू पॅरडाइज’ हे गाणं त्यांनी दोनदा रेकॉर्ड केलंय. आधी लुकआउटच्या ‘करप्लंक’वर, मग ‘डूकी’वर. दोन्ही लागोपाठ ऐक. पहिलं जरा खरखरीत, दुसऱ्यात प्रत्येक वाद्य वेगळं कळतं, निर्माता रॉब कॅव्हालोने ते नीट पुसून लखलखीत केलंय. पण गाणं तेच, चीड तीच. घर सोडून तीन आठवडे झालेला मुलगा ऑकलंडच्या पडक्या वस्तीतून आईला सांगतोय की भीती वाटते. आणि पुढे त्याला तीच वस्ती आवडायला लागते. (इथे आलो तेव्हा मी आईला फोनवर याच्या बरोब्बर उलट सांगत होतो.) ‘डूकी’ बर्कलीच्याच फॅन्टसी स्टुडिओत झाला. गिलमनपासून ते अंतर असेल तीनेक किलोमीटर. म्हणजे ज्याला विश्वासघात म्हणतात तो एवढाच लांब गेला होता.

शिवाय हा करार झाला नसता तर 1 फेब्रुवारी 1994 ला आलेला अल्बम वर्षभरात तुझ्या हातात आणि तिथून सांगलीत आपल्या माडीवर पोचला असता? लुकआउटची कॅसेट काळ्या घोड्याला मिळाली असती असं मला तरी वाटत नाही.

तरीही गिलमनवाले मूर्ख नव्हते, हेही कबूल. ‘डूकी’ गाजल्यावर कंपन्यांनी तसल्याच बँडची रांग लावली, त्यातलं बरंचसं आज ऐकवत नाही. नियम होता म्हणूनच तो क्लब अजून चालू आहे. आणि 2015 च्या मे महिन्यात ग्रीन डे तिथे परत येऊन वाजवून गेले, एका आगीत नुकसान झालेल्या पुस्तकवाल्यांच्या मदतीसाठी. मोठे झाले, पण रस्ता विसरले नव्हते. तुमच्यातला तो माणूस गेल्या वर्षी तुझ्या साठीला आला होता, असं वहिनी म्हणाली. तू त्याला जेवायला थांबवलंस की नाही, ते मात्र तिने सांगितलं नाही.

मी डिसेंबरात येतोय. तेव्हा तू काय ते तावातावाने बोल, मी ऐकायला तयार आहे. फक्त ‘कलेची निष्ठा’ वगैरे शब्द नकोत. सईलाही बसव, तिला यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

वहिनीला नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
बंड्या

ता. क. आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की लगेच कळव. पैसे पाठवून ठेवलेत, घासाघीस करत बसू नकोस.