इंटरनेटच्या जाहिरातीत अपलोडचा वेगही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या फाटकांवर इंटरनेट कंपन्यांचे जे फलक लागतात, त्यांवर १०० किंवा २०० एमबीपीएस असा एकच आकडा ठळक असतो. तो डाउनलोडचा, म्हणजे माहिती घरात येण्याचा, असतो. अपलोडचा, म्हणजे माहिती घरातून बाहेर जाण्याचा, वेग बहुधा छापलेलाच नसतो आणि जोडणी द्यायला आलेल्या माणसाला विचारला तर त्यालाही सांगता येत नाही. घरच्या गेम कन्सोलवरचे (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरचे) खेळ बाहेरून मोबाइलवर खेळू पाहणाऱ्यांची अडचण नेमकी तिथेच होते.

या सोयीत, म्हणजे रिमोट प्लेमध्ये, खेळ मोबाइलवर चालतच नाही. तो घरच्या कन्सोलवर चालतो; कन्सोल त्याचे चित्र व्हिडिओच्या रूपात इंटरनेटवरून पाठवतो, मोबाइल ते दाखवतो आणि मोबाइलला जोडलेल्या कंट्रोलरवर (हातात धरायच्या बटणांच्या यंत्रावर) दाबलेल्या बटणाचा इवलासा संदेश उलट दिशेने घरी पोहोचतो. ठाणे-वाशी लोकलची वाट पाहत खेळणारा तरुण चित्र अडखळले की ५जीला बोल लावतो, पण ते चित्र घरातून बाहेर पडते ते घरच्या अपलोडवरून. सोनी कंपनी आपल्या प्लेस्टेशन या कन्सोलच्या रिमोट प्लेसाठी किमान ५ आणि चांगल्या अनुभवासाठी १५ एमबीपीएसचा वेग सुचवते. आमच्या संकुलातील जोडणी १०० एमबीपीएसची म्हणून विकली गेली. तिचा अपलोड मोजला, तर संध्याकाळी त्या किमान मर्यादेलाही तो जेमतेम टेकतो.

अर्थात, ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येचा यात भंग होत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या सुधारली आणि किमान वेग ५१२ केबीपीएसवरून, म्हणजे सुमारे अर्ध्या एमबीपीएसवरून, २ एमबीपीएसवर नेला, पण तो केवळ डाउनलोडचा. याच व्याख्येत ब्रॉडबँडवर परस्परसंवादी सेवा चालल्या पाहिजेत असेही म्हटले आहे. संवादाची एकच बाजू मोजणारी ही व्याख्या मला तरी अपुरी वाटते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळखक्रमांक, देतात. तंत्रज्ञ याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी बाहेरून घरच्या कन्सोलपर्यंत थेट पोहोचणे अवघड होते आणि वेग पुरेसा असूनही जोडणी अडू शकते. हे ग्राहकाला आधी कोणी सांगत नाही.

मग दोष येतो कंट्रोलरवर आणि तो दुकानात परत जातो. दुकानदारांचीही चूक आहेच. ‘कुठल्याही मोबाइलला चालतो’ हे वाक्य ते फार सैलपणे वापरतात. प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या कन्सोलचे कंट्रोलर आयफोनशी जुळू लागले ते २०१९ मधील आयओएस १३ (आयफोनची कार्यप्रणाली) पासून, तर प्लेस्टेशन ५ चा २०२१ मधील आयओएस १४.५ पासून. एक्सबॉक्स वनच्या अगदी सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथच नव्हते. शिवाय ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते, आणि दाटीच्या इमारतींत शेजारपाजारचे वायफायही त्याच पट्ट्यात गर्दी करते. त्यामुळे घरातल्या घरात खेळताना कन्सोल लॅन केबलने राउटरला जोडावा आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील, असा माझा अंदाज आहे.

पालकांनी खर्चाकडेही पाहावे. ५ एमबीपीएसने तासाला सुमारे सव्वादोन जीबी डेटा जातो, म्हणजे रोज २ जीबी देणारा पॅक तासाभराच्या आत संपतो.

हा केवळ खेळणाऱ्यांचा हट्ट आहे असे कोणी म्हणेल. पण परगावाहून घरचा सीसीटीव्ही पाहणारे ज्येष्ठ नागरिक आणि घरून व्हिडिओ बैठका घेणारे नोकरदार याच अपलोडवर विसंबून असतात. म्हणून कंपन्यांनी जाहिरातीत आणि दरमहाच्या बिलावर डाउनलोडच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, अपलोडचा वेग छापावा, सार्वजनिक आयपी मिळणार की नाही आणि त्याचे वेगळे पैसे किती हे जोडणीच्या अर्जावरच लिहावे, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, हे बंधनकारक करावे. तोवर गृहनिर्माण संस्थांनी एखाद्या कंपनीला इमारतीत केबल टाकू देण्यापूर्वी हे दोन्ही तपशील लेखी मागून घ्यावेत. परवानगी देणे त्यांच्याच हातात आहे.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई