टर्फ नको म्हणणाऱ्या ओव्हरसिअर काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही 'चहा टाक' म्हणून विषय बदलता.

मंडळाची ती बैठक आठवते ना? वर्गणी जमली होती आणि मैदानावर टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. विक्रेत्याने आणलेला हिरवा तुकडा हातोहात फिरत होता, साडीचा पोत बघावा तसा जो तो चाचपत होता. मीही. तुम्ही मागच्या खुर्चीवरून एवढंच विचारलंत, "हा तुकडा उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी तुमच्या गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात, तो तुकडा आणि शेजारी पाणी मारलेल्या मातीचं घमेलं. तुम्ही भाषण केलं नाही. "हात ठेवा," म्हणालात. टर्फवर तळवा टेकवेना. माझ्या खो-खोच्या मुली अनवाणी खेळतात, काका. मला पुढचं काही ऐकायची गरजच उरली नाही.

त्या गवतात भरायचे रबराचे काळे दाणे पावसाबरोबर थेट ओढ्याला जातील, हे तुम्ही जाता जाता बोललात. युरोपियन महासंघाने २०२३ मध्ये अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि मैदानांना ८ वर्षांची मुदत दिली, हे मी नंतर वाचलं.

मग कुणीतरी खऱ्या लॉनचा हट्ट धरला. तेव्हा तुम्ही २०१६ सालची आठवण काढलीत. राज्यात दुष्काळ होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते. "त्यांच्या मैदानाला पाणी मिळेना, तुमच्या लॉनला टँकर कोण देणार?" यावर खजिनदारसुद्धा गप्प झाले, आणि ते सहसा होत नाहीत.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. तुम्ही चार ठिकाणी फूट-फूटभर खड्डे खणायला लावलेत, प्रत्येकात बादलीभर पाणी ओतलंत आणि घड्याळ बघत बसलात. पोरं हसत होती. नळाच्या बाजूला पाणी हलेना, कारण तिथे काळी माती होती. पिंपळाकडच्या खड्ड्यात मात्र बघता बघता मुरलं. शोषखड्डे कुठे घ्यायचे ते असं ठरलं. खाली आपला दख्खनचा काळा पाषाण, त्यामुळे फार खोल जाऊन उपयोग नाही, वरच्या मुरमातच पाणी जिरवायचं, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा कळलं.

मैदान मधून किंचित उंच, कासवाच्या पाठीसारखं, शंभर फुटाला एक फूट उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून तुम्ही पातळी काढत होतात आणि मी दुसरं टोक धरून उभी. खाली मुरूम, वर चाळलेली लाल माती, मग धुमस आणि रोलर. कडेचा सिमेंटचा पट्टा तुम्ही रद्द केलात, तेव्हा मला राग आला होता. पहिल्या पावसात, एरवी दोन दिवस डबकं धरणाऱ्या कोपऱ्यातलं पाणी खडीच्या चरातून शोषखड्ड्याकडे निघालं आणि राग गेला.

तुमचं गणित मी आता मुलींनाही घालते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपलं मैदान ६० बाय ४० मीटर, पुण्याचा पाऊस धरा ७०० मिलिमीटर. उत्तर १६ लाख ८० हजार लिटर. दहा हजारी टँकरच्या भाषेत १६८ टँकर. सगळं मुरत नाही, बरंचसं वाहतं, उडून जातं, पण एवढं पाणी आपण आजवर गटारात सोडत होतो, हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फुकट?"

खो-खोचं क्रीडांगण २७ बाय १६ मीटरचं. त्याचे खांब तुम्ही दक्षिणोत्तर घेतलेत, म्हणून संध्याकाळी खांबाकडे धावताना सूर्य डोळ्यांत येत नाही. मी इतकी वर्षं खेळले, शिकवलं, मला हे सुचलं नव्हतं. पश्चिमेला करंज आणि कडुनिंब लावलेत. गुलमोहराला नाही म्हणालात, वादळात फांदी मुलांवर पडायला नको म्हणून. दिव्यांना वरून टोप्या घातल्यात. समोरच्या इमारतीतल्या आजींची झोपेची तक्रार तेव्हापासून आलेली नाही.

आता मॅटचं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक मॅटवर झाला, भारताने दोन्ही गटांत जिंकला. माझ्या मुलींनाही मॅटवर सराव लागेल आणि त्यासाठी आम्ही गुंडाळून ठेवता येईल अशी मॅट घेणार आहोत. तुम्ही नाक मुरडाल, माहीत आहे. माती आहे तिथेच राहील.

एक कबुली. पाचातला एक करंज वाळला. उन्हाळी सुट्टीत पाणी घालायची पाळी माझी होती. रोप आणून ठेवलं आहे, खड्डाही खणला आहे, पण किती खोल ते तुम्हीच बघा. रविवारी सकाळी सातला याल? मुली फक्की मारून मैदान आखत असतील. नळी मी आणते.

तुमची,
खो-खोवाली मॅडम