म्यानमारमध्ये ‘नवं सरकार’ आलं असं कृपया लिहू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती, म्यानमारमध्ये निवडणुका झाल्या, आता तिथे नवं सरकार येतंय, त्यामुळे निर्बंध सैल होतील आणि आपल्याकडे तुरीची आवक सुधारेल वगैरे. मी वाशीच्या दाणाबंदरात एका पेढीवर सतरा वर्षं हिशेब बघते, बर्माची लेमन तूर आणि उडीद हाच आमचा मुख्य धंदा, त्यामुळे आवक सुधारली तर मला आनंदच आहे. पण त्या बातमीतले ‘नवं सरकार’ हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात म्हणून लिहितेय, पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

आधी थोडी उजळणी करते, कारण पाच वर्षांत लोक विसरलेत. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे निवडणूक झाली होती, आँग सान स्यू ची यांच्या एनएलडी पक्षाला ४७६ पैकी ३९६ जागा मिळाल्या आणि लष्कराच्या बाजूच्या यूएसडीपीला ३३. निवडून आलेले खासदार १ फेब्रुवारी २०२१ ला राजधानी नेपिडोमध्ये पहिल्यांदा एकत्र बसणार होते आणि त्याच पहाटे लष्कराने स्यू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट दोघांना उचललं. आणीबाणी जाहीर करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा, आणि ते तर कोठडीत, मग उपाध्यक्ष मिंट स्वे, जे स्वतः जुने जनरल, त्यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष करून त्यांच्या सहीने आणीबाणी लावली आणि सगळी सत्ता सेनापती मिन आँग लाइंग यांच्या हातात दिली.

तिथून पुढे काय झालं बघा. दुसऱ्याच दिवशी ‘राज्य प्रशासन परिषद’ काढली. ऑगस्ट २०२१ मध्ये म्हणाले आता हे ‘काळजीवाहू सरकार’ आणि मिन आँग लाइंग पंतप्रधान. आणीबाणी एक वर्षाची म्हणून लावलेली, ती सहा-सहा महिन्यांनी वाढवत वाढवत ३१ जुलै २०२५ पर्यंत आणली, मग ती परिषद बरखास्त करून ‘राज्य सुरक्षा आणि शांतता आयोग’ नावाची नवी पाटी लावली, पंतप्रधान म्हणून दुसरा माणूस बसवला, पण आयोगाच्या डोक्यावर तेच. आणि मग २८ डिसेंबर २०२५ पासून तीन टप्प्यांत मतदान. एनएलडी त्यात नव्हतीच, नव्या नियमाने नोंदणी केली नाही म्हणून मार्च २०२३ मध्येच तो पक्ष रद्द केलेला. स्यू ची यांना एकामागून एक खटल्यांत ३३ वर्षांची शिक्षा सुनावली, नंतर कमी करून २७ केली, आणि मतदान झालं तेव्हा बाईंचं वय ऐंशी. कितीतरी तालुक्यांत लढाई चालू असल्यामुळे मतपेटीच पोचली नाही, आणि २००८ च्या घटनेप्रमाणे संसदेत एक चतुर्थांश जागा गणवेशातल्या लोकांना मतदानाशिवाय मिळतातच. मग यूएसडीपीच पुढे येणार होती ना, दुसरं कोण येणार होतं?

हे सरकार बदलणं नाहीये, हे लेटरहेड बदलणं आहे. आमच्या धंद्यात पार्टी एका नावाने पैसे बुडवते आणि दुसऱ्या वर्षी नवीन फर्मच्या नावाने माल मागायला येते, तेव्हा आम्ही मालक कोण ते बघतो, फर्मचं नाव बघत नाही.

आता निर्बंधांबद्दल, कारण बातमीत ते एकाच वाक्यात उरकलंय आणि माझं खरं म्हणणं तिथेच आहे. लोक दोन टोकांचं बोलतात, एक म्हणतात निर्बंधांनी काही होत नाही, उगाच गरीब मरतो, दुसरे म्हणतात सगळंच बंद करा. दोन्ही अर्धवट आहे. सगळं बंद करून बघितलं होतं, २००३ मध्ये अमेरिकेने तिथल्या सगळ्या मालावर बंदी घातली, यांगूनच्या आजूबाजूच्या गारमेंट फॅक्टऱ्या पटापट बंद पडल्या, हजारो पोरी बेरोजगार झाल्या, आणि जनरल लोकांना लाकूड, माणकं आणि गॅस विकायला शेजारी होतेच. २०२१ नंतर तसं केलं नाही, नावं घेऊन घेऊन निर्बंध लावले. पहिल्या दहा दिवसांतच अमेरिकेने तिकडे ठेवलेले म्यानमार सरकारचे सुमारे १ अब्ज डॉलर गोठवले, मार्चमध्ये लष्कराच्या दोन मोठ्या कंपन्या, एमईएचएल आणि एमईसी, यादीत टाकल्या, एप्रिलमध्ये रत्नं, लाकूड, मोती यांच्या सरकारी कंपन्या. अदानी पोर्ट्सचं यांगूनचं बंदर आठवत असेल, ती जमीन एमईसीकडून भाड्याने घेतलेली होती, शेवटी २०२३ मध्ये ३ कोटी डॉलरला विकून बाहेर पडावं लागलं. म्हणजे चटका बसतो, अजिबात बसत नाही असं नाही.

पण जिथून जनरल लोकांना खरा पैसा येतो तिथे हात लावायला फार उशीर केला. समुद्रातला गॅस थायलंड आणि चीनला जातो आणि त्याचे डॉलर तेल-गॅसच्या सरकारी कंपनीकडे, एमओजीईकडे येतात, सरकारचं परकीय चलनाचं सगळ्यात मोठं साधन तेच. युरोपने तिच्यावर निर्बंध फेब्रुवारी २०२२ मध्ये लावले, अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये, तेही अर्धेच, फक्त बँकिंग सेवांपुरते. ज्या दोन सरकारी बँकांतून हे डॉलर फिरतात, एमएफटीबी आणि एमआयसीबी, त्यांच्यावर जून २०२३. विमानाच्या इंधनावर ऑगस्ट २०२३. तोपर्यंत अडीच वर्षं झाली होती आणि अडीच वर्षांत किती गावं जळली ते कुणी मोजावं. आणि आपण नुसतं बाहेरून बघतोय असं नाही, चीनकडे गॅस पाठवणाऱ्या श्वे प्रकल्पात आपल्या ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा साडेआठ टक्के हिस्सा आहे.

नेमका घाव बसला तर फरक पडतो याचं एक उदाहरण आहे, ते आपल्याकडे कुणी छापलेलं मी तरी बघितलं नाही. म्यानमारमधल्या मानवी हक्कांवर संयुक्त राष्ट्रांना अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये हिशेब मांडला की सत्ता बळकावल्यापासून लष्कराने १ अब्ज डॉलरची शस्त्रं आणि सामान बाहेरून आणलं, सगळ्यात जास्त रशियाकडून, मग चीन, मग २५ कोटी ४० लाख डॉलरचा माल सिंगापूरमधल्या कंपन्यांमार्फत. भारतातल्या कंपन्यांकडूनही ५ कोटी १० लाखांचा गेला होता, ते वाचून मला फार वाईट वाटलं. सिंगापूर सरकारने ते मनावर घेतलं, चौकशी लावली, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात सिंगापूरमार्गे वर्षाला ११ कोटींच्या वर जाणारा माल १ कोटीच्या आसपास आला होता. एका शहराने ठरवलं तर एवढं होतं. त्यातला बराचसा धंदा मग थायलंडच्या बँकांकडे सरकला, हेही त्याच अहवालात होतं, म्हणजे एक दार लावून भागत नाही, शेजारचंही लावावं लागतं. आपणही शेजारीच आहोत.

आता डाळीकडे येते. बर्माची तूर पिकते मधल्या कोरड्या पट्ट्यात, सगाइंग, मागवे, मंडाले. पाऊस कमी, आपल्या मराठवाड्यासारखंच रान. आणि लष्कराच्या विरोधात साधी शेतकरी पोरं जिथे सगळ्यात आधी हत्यार घेऊन उभी राहिली तो पट्टाही हाच. तिथलीच गावंच्या गावं जाळली गेली. ११ एप्रिल २०२३ ला सगाइंगमधल्या पाझीजी गावात लोक एका छोट्या ऑफिसच्या उद्घाटनाला जमले होते, वरून विमानाने बॉम्ब टाकला, दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्याच महिन्यात आमच्या पेढीवर तुरीचा भाव चढला होता आणि आम्ही सगळे त्याच काळजीत होतो, मीपण. ती बातमी मी चार दिवसांनी वाचली आणि नकाशावर जागा शोधली.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातल्याच माणसाला कळेल अशी आहे. सत्ता बळकावली तेव्हा डॉलरला साधारण १३३० क्याट, म्हणजे तिथलं चलन, मिळायचे. ऑगस्ट २०२२ पासून सरकारी दर २१०० वर ठोकून ठेवला आणि बाहेर बाजारात तो वाढत वाढत २०२४ मध्ये साडेचार हजारांच्या वर गेला. एक्स्पोर्ट करणाऱ्याला आलेल्या डॉलरचा ठराविक हिस्सा सरकारी दराने बदलून द्यावाच लागतो. म्हणजे आम्ही इथून पूर्ण पैसे पाठवले तरी त्यातला मोठा तुकडा मधल्यामधे सरकार खातं, व्यापारी ते नुकसान स्वतःच्या अंगावर घेत नाही, तो शेतकऱ्याचा भाव पाडतो. ज्या शेतकऱ्याचं घर जाळलं त्याच्याच तुरीतून कापून घेतलेले डॉलर त्याच लष्कराच्या तिजोरीत जातात. मी रोज जे आकडे लिहिते त्यात हे आहे, हे कळल्यापासून मला ते नुसते आकडे वाटत नाहीत.

म्हणून डाळ आणणं बंद करा असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. बंद केलं तर पहिला मरेल तो शेतकरीच, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईकच नाही एवढं मोठं. २०२१ मध्ये आपल्या सरकारने पाच वर्षांचा करार केला, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, तो शेतकऱ्याला आधारच होता. माझं म्हणणं एवढंच की एवढं मोठं गिऱ्हाईक असताना आपण कधी विचारलं का, की बाबांनो आमच्या डाळीच्या पैशावर बाजाराचा दर द्या, नाहीतर पुढचा करार तसाच होणार नाही? रुपया आणि क्याटमध्ये थेट पेमेंटची सोय झालीच आहे, मग दर कुठला लावायचा यावर आपल्याला बोलता येत नाही का? शस्त्रं आणि विमानाचं इंधन पूर्ण बंद, गॅसचा पैसा निवडून आलेलं सरकार येईपर्यंत बाजूच्या खात्यात, आणि डाळ चालू पण शेतकऱ्याच्या खिशात पोचेल अशी, हे एकदम करता येण्यासारखं आहे. आपण मात्र जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवरच्या ठरावावर तटस्थ राहिलो, डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेतही रशिया-चीनच्या बरोबरीने तटस्थ राहिलो. सीमेची काळजी आहे, चीन शेजारी आहे, मणिपूर-मिझोरामचं दुखणं आहे, सगळं समजतं. पण त्याच मिझोरामने तीस हजारांच्या वर माणसांना आसरा दिला, स्वतःची ऐपत नसताना चर्चमधून तांदूळ गोळा करून दिला, ते काही तटस्थ राहिले नाहीत.

मी मूळची रत्नागिरीची. शाळेत असताना आम्ही थिबा पॅलेसच्या बाहेर चिंचा गोळा करायचो. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेचं राज्य घेऊन थिबा राजाला आमच्या गावात आणून ठेवलं, तीसेक वर्षं काढली त्याने इथे आणि १९१६ मध्ये इथेच गेला. आणि आपल्या लोकमान्यांना १९०८ ला उचलून त्या मंडालेला पाठवलं, सहा वर्षं. आमच्या आजीला दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायची सवय होती, त्यांचा माणूस आपल्याकडे, आपला माणूस त्यांच्याकडे. म्हणून कुणी ‘म्यानमारशी आपला काय संबंध’ म्हटलं की मला राग येतो. लष्कराने सत्ता घेतली त्या फेब्रुवारीत रोज रात्री आठ वाजता यांगूनमध्ये घराघरांतून लोक पातेली बडवायचे, तिकडे घरातली भुतंखेतं पळवायला तसं करतात. आजी असती तर तिला कुणी समजावून सांगावं लागलं नसतं, तीही इडा पिडा जावो म्हणत सूप वाजवायची.

यांगूनमध्ये एका एक्स्पोर्टरच्या ऑफिसात एक बाई आहेत, आठ वर्षं आमचं कागदपत्रांचं काम त्या बघतात, आम्ही एकमेकींना कधी भेटलो नाही. माहेर सगाइंगचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा लागू झाला, अठरा ते पस्तीसचे सगळे मुलगे, तेव्हा त्यांनी बावीस वर्षांच्या मुलाला थायलंडला धाडलं, त्यानंतर त्यांनी त्याला बघितलेलं नाही. आमच्याबद्दल तुमच्या पेपरात काय येतं असं त्या अधूनमधून विचारतात. मार्च २०२५ मध्ये मंडालेचा भूकंप झाला तेव्हा आपल्या पेपरातलं पहिलं पान मी फोटो काढून पाठवलं होतं, वरचा मथळा इंग्रजीत सांगितला, त्यांनी ते पान ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. मागच्या आठवड्यात परत विचारलं, निवडणुकीबद्दल काही आलंय का म्हणून. मी नाही म्हणाले.

तर एक दुरुस्ती छापाल का, मतदान झालं पण राज्य त्याच सेनापतीचं आहे, एवढी एक ओळ. तेवढी मला त्यांना पाठवता येईल.

आपली,
एक जुनी वाचक, रत्नागिरी (सध्या नवी मुंबई)