सगळं मिळून किती?

दादर, मुंबई
२ जुलै

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

खासगी विद्यापीठाच्या अ‍ॅडमिशन खात्यात लागतोयस आणि मुंबईसकट मराठवाडाही तुझ्याच गळ्यात पडलाय, हे कळलं. हुद्दा कितीही भारदस्त असो, काम फिरतीचं आहे: ज्युनिअर कॉलेजांत जाऊन बारावीच्या मुलांना विद्यापीठाची माहिती द्यायची. मुलांसमोर काय बोलायचं, असं विचारलंयस. त्याची काळजी नको, ते चार कॉलेजांत जमतं. तयारी करायची ती एका प्रश्नाची. तो मुलं विचारत नाहीत, त्यांचे वडील विचारतात: "सगळं मिळून किती?" त्यावर पुढे लिहितो, आधी बाकीचं उरकू.

फिरतीचा हंगाम जुलैअखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा. त्यातून गणपती, सहामाही आणि दिवाळीची सुट्टी वजा कर. डिसेंबरच्या उत्तरार्धात गॅदरिंग, जानेवारीत प्रिलिम, मग प्रात्यक्षिकं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. त्या काळात कुठलाही उपप्राचार्य तुला वर्गात सोडणार नाही, आणि सोडलंच तरी मुलं ऐकणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेमध्ये निकाल, जूनपासून कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या. तेव्हा तू ऑफिसात फोनवर. म्हणजे हातात कामाचे दिवस साठ-सत्तरच पडतात.

परवानगीचं पत्र प्राचार्यांच्या नावे न्यायचं, पण भेटायचं ज्युनिअर कॉलेजच्या पर्यवेक्षकांना. कुठला तास रिकामा आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याइतकाच महत्त्वाचा शिपाई. हॉलची किल्ली, प्रोजेक्टरची वायर आणि माईकचा सेल या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए लागतं, तुझ्या लॅपटॉपला एचडीएमआय असेल, तेव्हा कन्व्हर्टर स्वतःचा ठेव. सादरीकरण पेनड्राइव्हवर पीडीएफ करूनही ठेव, दुसऱ्याच्या संगणकावर मराठी फॉन्ट हमखास फुटतो. आणि वीज गेली तर? खडू-फळ्यावर पंधरा मिनिटांत सांगता आलं पाहिजे. खरं तर तेच जास्त लक्षात राहतं.

विज्ञान शाखेत एक गंमत आहे. पटावर दीडशे आणि बाकांवर पंचवीस. बाकीची मुलं क्लासला. क्लासचं आणि कॉलेजचं साटंलोटं असलेल्या ठिकाणी कॉलेजला जाण्यात अर्थच नाही, थेट क्लासवाल्यांची वेळ घे. त्यांना टेस्टनंतरची वीस मिनिटं द्यायला हरकत नसते. मात्र "आमच्याकडून मुलं येतील, पर अ‍ॅडमिशन काय?" असा प्रश्न आला की चहा संपवून उठायचं. बारावीच्या मुलांची यादी विकणारेही भेटतील. तीच यादी आणखी दहा जणांनी घेतलेली असते, त्यामुळे तुझा फोन उचलला जाणार तो शिवी देण्यासाठीच.

आता ओझं. सोळा पानी ए-फोर माहितीपत्रक, १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपरवर, साधारण ६५ ग्रॅम भरतं. २०० घेतलीस की १३ किलो झाले. वर स्टँडी (गुंडाळून नेता येणारा उभा फलक), लॅपटॉप आणि तुझे कपडे. म्हणून १०० च ने. बाकी पुढच्या मुक्कामी लॉजच्या पत्त्यावर कुरिअर कर, आधी मॅनेजरला फोन करून. गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले हवेत. आर्ट पेपर भिजला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि वाळल्यावर उलगडायला गेलास तर छपाई सोलून निघते. स्टँडी मिटताना हात सोडू नकोस, आतली स्प्रिंग झटक्यात पट्टा ओढते आणि तिथेच तो तिरका बसतो.

मुंबईत हे सगळं घेऊन सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलला हात लावायचा नाही. दिवस उलट्या दिशेने लाव: सकाळी बोरिवली-वसई किंवा ठाणे-कल्याण, गर्दी ओसरल्यावर दादर-माटुंगा, आणि संध्याकाळी लोंढा उत्तरेला वळायच्या आत घर गाठायचं. बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत वर्ग सकाळी सातलाच भरतात, दुपारी गेलास तर रिकाम्या बाकांना माहितीपत्रक वाटशील. शैक्षणिक मेळाव्यात स्टॉल दाराजवळचा मागू नकोस. दारातल्या पहिल्या स्टॉलवर लोक पिशवी घेतात आणि पुढे सरकतात. थांबतात ते मधल्या रांगेत, पाय दुखायला लागल्यावर. तिथे दोन खुर्च्या जास्तीच्या मागून घे, आईवडील बसले की बोलणं होतं.

मराठवाड्यासाठी रात्रीची लातूर एक्स्प्रेस धर. लातुरात दोन दिवस, तिथून एसटीने नांदेड, मग परभणी, छत्रपती संभाजीनगर आणि देवगिरीने रात्रीतून परत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, दौरा ठरला की त्याच दिवशी काढ. लातुरात मुलं बाहेरगावची असतात, शिकायला राहिलेली. आपण भरून घेतो त्या माहितीच्या कार्डावर पत्ता होस्टेलचा लिहितात, तो परीक्षा संपली की निरुपयोगी. गाव, तालुका आणि घरचा नंबर वेगळा माग. शिवाय तिथे नीटवाले, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, फार, तेव्हा "मॅथ्स की बायो" हा रकाना हवाच. इंजिनिअरिंगची माहिती निव्वळ बायोवाल्याला देऊन दोघांचाही वेळ जातो.

मोबाइल नंबरासाठी कार्डावर दहा चौकोन छापून घे, खाली ओळ: "हा नंबर कोणाचा? स्वतः / वडील / आई". आणि अंक इंग्रजीत लिहायला सांग. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ७ घाईत इंग्रजी सहासारखा. ऑफिसात टाइप करणारा सगळे इंग्रजीच समजतो आणि डझनावारी नंबर वाया जातात. क्यूआर कोडवर विसंबू नकोस, कॉलेजात मोबाइलला बंदी असते. रोज रात्री लॉजवर कार्डं चाळायची. ज्याने काही विचारलं त्याच्या कोपऱ्यात खूण. फोन दोन दिवसांत, संध्याकाळी सात ते नऊ. ऑक्टोबरात दिवसा फोन केलास तर माणूस सोयाबीनच्या शेतात असतो. एका नंबरवरून रोज शंभर फोन करशील तर ट्रूकॉलरवर स्पॅम होशील.

आता वडिलांचा प्रश्न. पहिल्या वर्षाची ट्यूशन फी सांगून मोकळं होऊ नकोस. एका कागदावर चारही वर्षं मांड: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा, होस्टेल, मेस, परत मिळणारी अनामत, दरवर्षीची वाढ. मेस दहा महिन्यांची की बारा, हेही. शेवटी बेरीज.

मग पुढचा प्रश्न येतो: "मुलींना फी माफ आहे ना?" इथेच सगळी गोची होते. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली, पण कॅपमधून प्रवेश घेतला तर. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे तुझ्या खासगी विद्यापीठात ही सवलत नाही. "बघू, काहीतरी होईल" म्हणालास की बाप त्यातलं "होईल" तेवढंच ऐकतो. जूनमध्ये पैसे भरतो, ऑगस्टमध्ये मुलीला कॅपमधून सीट मिळते, प्रवेश रद्द, परताव्याचे खेटे, आणि पुढच्या वर्षी त्या गावच्या कॉलेजात तुला फाटकावरच अडवतात. सरळ "नाही" सांग आणि कॅपचा फॉर्म भरायलाच लाव. तुमची स्वतःची शिष्यवृत्ती असेल तर तिची अट छापील दाखव: किती टक्क्यांना, आणि दुसऱ्या वर्षी टिकवायला काय लागतं.

रोख रक्कम हातात घ्यायची नाही, टोकन म्हणूनसुद्धा. कॅपिटेशन फीविरुद्ध राज्याचा कायदा १९८७ पासून आहे. पैसे फक्त विद्यापीठाच्या खात्यात, पावतीसह. मूळ मार्कशीट किंवा लिव्हिंग सर्टिफिकेटही ठेवून घ्यायचं नाही, झेरॉक्स पुरते. फी परताव्याचं यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) त्या वर्षीचं परिपत्रक छापून बॅगेत असू दे.

तिकिटांचे फोटो त्याच दिवशी काढ, एसटीच्या मशीनचा कागद महिन्याभरात कोरा होतो आणि प्रवासखर्चाचं टीए बिल परत येतं. लॉजचं बिल जीएसटी नंबरसह. घशासाठी कोमट पाणी, आणि व्याख्यानाआधी तर्रीवाली मिसळ नको, नंतर खा.

फीचा कागद तयार झाला की मला पाठव, बेरीज तपासून देतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या